पोळी बंद करून आठ महिने झाले, तरी लेकीचा रिपोर्ट हलेना. गहू येतोय कुठून?

मुगाचं_वरण | 9 ऑगस्ट, रात्री 11:20

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय इथे, लिहितेय आज पहिल्यांदा. लेक सात वर्षांची आहे, गेल्या डिसेंबरात सिलिअॅक (गव्हाने आतडं बिघडण्याचा आजार) निघालं. त्याआधी दीड वर्ष जंताचं औषध, लोहाचं टॉनिक, "अंगानेच काटक आहे, बापावर गेलीय" हे सगळं करून झालं होतं. हिमोग्लोबिन काही केल्या 8 च्या वर जाईना तेव्हा एका डॉक्टरबाईंनी रक्ताची टीटीजी (सिलिअॅकची प्रतिपिंडं मोजणारी तपासणी) करायला लावली, ती आली 200 च्या पुढे, मग दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासला आणि शिक्कामोर्तब झालं.

त्या दिवसापासून पोळी, ब्रेड, बिस्किटं, नूडल्स, शेवया, रवा सगळं बंद. पोट दुखायचं थांबलं, वजन दोन किलो वाढलं, आम्ही खूश. आणि परवा आठ महिन्यांचा रिपोर्ट आला तर टीटीजी 140. डॉक्टर म्हणाल्या खाली येतंय पण फारच हळू, घरात कुठूनतरी गहू पोटात जातोय, शोधा. आता शोधा म्हणजे कुठे शोधू??

ती दिवसभर काय खाते ते लिहिते, कुणाला काही दिसलं तर सांगा. सकाळी दूध, त्यात पूर्वी माल्टवालं पेय होतं ते बंद केलंय. डब्यात ज्वारीची भाकरी नाहीतर घावन, भाजी. दुपारी वरणभात, कोशिंबीर, ताक. संध्याकाळी राजगिऱ्याचा लाडू किंवा घरचा पातळ पोह्यांचा चिवडा, कधी इडली. रात्री मऊ भात, मेतकूट, तूप, हे तिचं सगळ्यात आवडतं, सासूबाई स्वतः भरवतात. रविवारी आम्ही माझ्या माहेरी गिरगावला, तिथे बोंबील नाहीतर सुरमई. बास. यात गहू आहे कुठे?


चाळीतली_चहाबाज | 9 ऑगस्ट, रात्री 11:34

हिंग!!! डबीवरचं बारीक अक्षर वाच आधी.


मुगाचं_वरण | 9 ऑगस्ट, रात्री 11:41

वाचलं. "गव्हाचे पीठ, डिंक, हिंग." पहिलंच नाव गव्हाचं. डोकं बधिर झालंय. वरणात, ताकात, चिवड्यात, कोशिंबिरीच्या फोडणीत, रोज.


चाळीतली_चहाबाज | 9 ऑगस्ट, रात्री 11:52

हो गं, माझ्या नवऱ्याच्या वेळी आम्हालाही असंच कळलं, सहा महिन्यांनी. शुद्ध हिंग म्हणजे अफगाणिस्तान-इराणकडून येणारा झाडाचा चीक, तो इतका उग्र असतो की नुसता फोडणीत घालताच येत नाही, म्हणून पीठ आणि डिंकात मळतात, त्याला बंधानी हिंग म्हणतात. बाजारातला जवळजवळ सगळा हिंग हाच. खडा घेतला म्हणजे शुद्ध असंही नाही हां, खड्यातही मैदा असतो बऱ्याचदा. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो, लेबलवर तसं लिहिलेलं बघून घे. तोवर हिंग नाही घातलास तर वरण काही रागावत नाही. आम्ही लसूण वाढवला.


घरघंटी | 10 ऑगस्ट, सकाळी 7:05

ज्वारी दळून कुठून आणता? नाक्यावरच्या गिरणीतून असेल तर हिंग राहू दे बाजूला, आधी तिकडे बघा.

माझं सांगतो. मी शनिवारी सकाळी गिरणीत उभा राहून बघितलं, एकदाच बघा सगळं समजतं. माझ्या आधी एका काकांचे दहा किलो गहू पडले. ते संपले तसा गिरणीवाल्याने वरच्या तोंडावर एक झाडू मारला, खाली तोंडाला बांधलेली कापडाची बाही दोनदा झटकली आणि माझी ज्वारी ओतली. त्या बाहीतून झटकताना जे पांढरं उडालं ना, ते सगळं गव्हाचं. दगडांच्या मधे अडकलेलं वेगळंच. आपल्या आया "ज्वारीवर ज्वारी दळ रे बाबा" म्हणायच्या ते भाकरी थापताना पीठ चांगलं यावं म्हणून, पण सिलिअॅकवाल्याला ज्वारीवर ज्वारी असूनही भागत नाही कारण सकाळपासून तिथे गहूच चाललेला असतो, भिंती पंखे सगळं पिठाने माखलेलं.

आम्ही शेवटी घरघंटी घेतली (म्हणून हे नाव :)). तिच्यात गहू म्हणून शिरलेला नाही. एकदा बायकोच्या मावशीने कौतुकाने एक किलो गहू टाकायला आणले होते, मी दारातच अडवले, मावशी अजून नीट बोलत नाहीत.


मुगाचं_वरण | 10 ऑगस्ट, सकाळी 8:15

नाक्यावरचीच गिरणी. आणि बेसनपण तिथलंच, तांदळाचं पीठपण तिथलंच. घावन त्याचेच.


जुनंखोड | 10 ऑगस्ट, सकाळी 9:30

राग मानू नका पण हे सगळं जरा जास्तच होतंय असं नाही वाटत? चिमूटभर हिंगात किती गहू असणार आणि त्याने काय होणार? आमच्या लहानपणी कुणाला हे नव्हतं. सारखं टाळत राहिलं तर पोराला सवय कशी होणार, थोडं थोडं देऊन सवय करायला हवी.


आहारवाली | 10 ऑगस्ट, दुपारी 1:10

मी आहारतज्ज्ञ आहे, मुलांच्या पोटाच्या तक्रारींचंच काम करते, म्हणून जरा लांबण लावते.

जुनंखोड काका, तुमचा प्रश्न रोज कुणी ना कुणी आजोबा मला विचारतात, त्यामुळे राग नाही. सवय होण्याचा हा प्रकारच नाही. ही अॅलर्जीही नाही आणि पचनशक्ती कमी असंही नाही. गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं एक परदेशी धान्य) या तीन धान्यांतलं ग्लूटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की यांचं स्वतःचं शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करतं. आतड्याच्या आत मखमलीसारखी लव असते, अन्न शोषायचं काम तिचं. ती झिजून सपाट होते. मग खाल्लेलं लोह, कॅल्शियम अंगी लागत नाही, मूल वाढत नाही, मोठ्यांची हाडं ठिसूळ होतात. कधीकधी पोट अजिबात दुखत नाही, नुसता रक्तक्षय नाहीतर अंगावर खाजरे फोड, म्हणून वर्षानुवर्षं कळत नाही. "आमच्या वेळी नव्हतं" यातलं बरंचसं "आमच्या वेळी तपासलं नाही" असं आहे. 1940 च्या दशकात नेदरलँडमध्ये युद्धाच्या शेवटी दुष्काळ पडला, पाव मिळेना, आणि डिके नावाच्या मुलांच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की ही आजारी पोरं पाव नसताना सुधारतायत आणि पाव परत आला की पुन्हा ढासळतायत. गव्हाचा संशय त्यांना युद्धाआधीपासूनच होता, तो तेव्हा पक्का झाला.

आता चिमटीचा हिशोब. बहुतेक रुग्णांना दिवसाला 10 मिलिग्रॅमपर्यंत ग्लूटेन सोसतं असं धरतात. 1 ग्रॅम मैद्यात साधारण 80 ते 100 मिलिग्रॅम ग्लूटेन असतं. म्हणजे दिवसभरात ग्रॅमचा दहावा हिस्सा मैदा पोटात गेला की मर्यादा संपली. दहावा हिस्सा म्हणजे किती ते बघायचं असेल तर बोटाला कोरडी कणीक लावा आणि झटका, उडेल तेवढं. आपल्याकडे पाकिटावर "ग्लूटेन-फ्री" लिहायचं तर एफएसएसएआयच्या (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमाने किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आत ग्लूटेन हवं, यालाच 20 पीपीएम म्हणतात.

मुगाचं_वरण, तुमच्या यादीत मला हिंग आणि गिरणी सोडून अजून दोन गोष्टी खटकल्या. एक, बोंबील कशात घोळवतात? दोन, मेतकूट. त्यात काय काय पडलंय?


मुगाचं_वरण | 10 ऑगस्ट, दुपारी 1:25

बोंबील रव्यात. अरे देवा. आई तिचे वेगळे तांदळाच्या पिठात करते, पण तव्यावर आमचे रव्याचे आधी निघतात आणि त्याच तेलात मग तिचे.

मेतकूट सासूबाई घरी करतात. डाळीच असतात ना त्यात? संध्याकाळी विचारते.


परभीण | 10 ऑगस्ट, दुपारी 3:40

मेतकुटात गहू असतो गं बहुतेक घरांत. आणि आमच्या पाठारे प्रभूंकडचा परभी संभार मसालासुद्धा विसरू नका कुणी, त्यात गहू आणि हरभऱ्याची डाळ भाजून घालतात, त्यानेच तर रस्सा दाट होतो. बाहेरचा माणूस म्हणणार मसालाच तर आहे, मिरची-धणे असणार. माझ्या भाचीला लग्नानंतर सिलिअॅक निघालं तेव्हा आम्ही वहीतली सगळी कृती परत वाचून काढली, कोलंबीच्या कालवणातही गहू निघाला.


वसईचा_वारा | 10 ऑगस्ट, संध्याकाळी 5:02

+1. आमच्याकडे ईस्ट इंडियन लोकांचा (म्हणजे मुंबई-वसईकडचे मराठी ख्रिस्ती) बॉटल मसाला, त्यातही भाजलेले गहू असतात. उन्हाळ्यात वर्षाचा मसाला कुटून बाटल्या भरायच्या, त्यामुळे एकदा चुकलं की वर्षभर चुकलं. आता मम्मी दोन बाटल्या वेगळ्या करते, गव्हाऐवजी नुसते चणे, झाकणाला लाल दोरा. पण कुटायला डंकावर नेलं की तिथे आधी कुणाचा मसाला होता देव जाणे, म्हणून लाल दोऱ्यावाला घरी मिक्सरमध्येच. लालबागला कुटून आणणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवा.

आमचा अजून एक प्रश्न होता तो इथे कुणाला पडणार नाही, चर्चमधला ओस्ती, म्हणजे मिस्सात मिळणारी पवित्र भाकर. तो गव्हाचाच असतो. पूर्ण ग्लूटेन नसलेला चालत नाही असं व्हॅटिकनने 2017 ला परत स्पष्ट केलं, पण अगदी कमी ग्लूटेनचा चालतो. आमच्या फादरना जाऊन भेटलो, बहीण आता फक्त द्राक्षारस घेते, वेगळ्या पेल्यातून, कारण मोठ्या पेल्यात ओस्तीचा तुकडा पडलेला असतो. पहिल्या रविवारी लाजत होती, आता काही नाही.


लोअरपरळ_स्लो | 10 ऑगस्ट, रात्री 9:15

मी स्वतः सिलिअॅक, वय 34, निदान होऊन सहा वर्षं झाली, मुंबईत बाहेर खाऊन जगतोय त्यामुळे माझं ज्ञान सगळं ठेचा खाऊन आलेलं आहे.

वडापाव: पाव सोडला तरी वडा त्याच कढईत जिच्यात समोसा आणि ब्रेडपकोडा. नाही चालत. हे लिहिताना हात थरथरतो.

उडपी: इडली बहुतेक ठीक पण "रवा इडली" नाही, आणि घोळ असा की वाण्याकडे "इडली रवा" म्हणून मिळतो तो तांदळाचा असतो, तो चालतो. नुसतं "रवा आहे का" विचारलं तर वेटरही गोंधळतो आणि आपणही. रवा डोसा त्याच तव्यावर पडतो, शिवाय साधा डोसा कुरकुरीत व्हावा म्हणून कुणी पिठात रवा टाकतं. सांबारात हिंग. मी सांबार सोडून नारळाची चटणी मागतो, वेटर दयेने बघतो.

भेळ: कुरमुरे, शेव, चिंचेचं पाणी ठीक वाटतं, पुरी मैद्याची. "पुरी नको भैया" म्हटलं तरी त्याचा हात पुरीच्या डब्यातून बाहेर येऊन कुरमुऱ्यात जातो, आणि मग पुरीचा चुरा तुमच्या भेळेत.

मिसळ: फरसाणात काय काय असतं ते फरसाणवाल्यालाही माहीत नसतं.

चायनीज: सगळे अजिनोमोटोला घाबरतात, त्यात ग्लूटेन नसतं. घाबरायचं सोया सॉसला, तो गहू घालूनच आंबवतात. शेजवान राईस "राईसच तर आहे" म्हणून खाल्ला होता एकदा, पुढचे तीन दिवस हाफ डे.

बिअर जवाची असते, संपला विषय. वाईन चालते. व्हिनेगर साधं चालतं, माल्ट व्हिनेगर नाही. "माल्ट" हा शब्द दिसला की समजायचं जव. कॉर्नफ्लेक्स मक्याचे असतात पण चवीला जवाचा माल्ट घालतात बऱ्याच कंपन्या, माझं पहिलं वर्ष त्यातच गेलं. माल्टोडेक्स्ट्रिन मात्र नाव सारखं असलं तरी चालतं, त्याला उगीच घाबरू नका.

मग खातो काय? साबुदाणा वडा (वेगळ्या तेलातला), खिचडी, वऱ्याचे तांदूळ, राजगिरा, शिंगाडा. ऑफिसात मला सगळे एकादशी म्हणतात.


चाळीतली_चहाबाज | 10 ऑगस्ट, रात्री 9:31

एकादशी :D :D आमच्याकडे नवऱ्याला उपासाच्या दिवशीच पोटभर बाहेर खाता येतं हे खरं. फक्त राजगिऱ्याचं पीठ सुटं घेऊ नका, तेही त्याच गिरणीतलं असतं.


कांदेनवमी | 10 ऑगस्ट, रात्री 10:05

पेयांचं कुणी लिहिलं नाही म्हणून. लघवीला जळजळ झाली की आमच्या आजी जवाचं पाणी उकळून द्यायच्या, बाटलीतलं बार्ली वॉटरही तेच. उन्हाळ्यात सातूचं पीठ गूळ-दुधात कालवून, त्यात जव नाहीतर गहू असतो. बिहारकडचं सत्तू निव्वळ हरभऱ्याचं, ते वेगळं, नाव सारखं म्हणून फसायला होतं. आणि मसाला ताक पाकिटातलं, त्यात हिंग. घरचं मीठ-जिऱ्याचं ताक, पन्हं, कोकम, सोलकढी निर्धास्त.


मुगाचं_वरण | 10 ऑगस्ट, रात्री 11:50

विचारलं सासूबाईंना. जसं झालं तसं लिहिते.

त्या ओट्यापाशी लसूण सोलत होत्या. मी सहज विचारल्यासारखं केलं, आई मेतकुटात काय काय घालता हो? तर बोटांवर मोजत सांगायला लागल्या, हरभरा डाळ, तांदूळ, उडीद डाळ, मूठभर गहू, धणे, जिरं, मोहरी, मेथी, सुंठ, हळद... आणि बोलता बोलता गव्हानंतरची सहा नावं सांगून झाल्यावर थांबल्या. लसूण हातातच. मला म्हणाल्या, "अगं पण तो भाजलेला असतो."

मी काहीच बोलले नाही, काय बोलणार. घरात कणकेचा डबा पोरीच्या हाताला लागू नये म्हणून फडताळाच्या वरच्या खणात ठेवणारी बाई आहे ती. गेली चाळीस वर्षं मेतकूट करतेय, त्यांच्या लेखी मेतकूट म्हणजे मेतकूट, त्यात गहू "आहे" असं कधी डोक्यात आलंच नाही. रोज रात्री दोन चमचे, डोळे मिटून भरवायच्या.

भाजल्याने काही फरक पडतो का आहारवाली ताई? उत्तर मला माहीत आहे बहुतेक.


आहारवाली | 11 ऑगस्ट, सकाळी 8:20

नाही पडत. भाजून, उकळून, तळून, आंबवून ग्लूटेन जात नाही. समजा मेतकुटात दहाव्या हिश्शाएवढा गहू आहे आणि दोन चमचे म्हणजे 6 ग्रॅम मेतकूट, तर 0.6 ग्रॅम गहू, म्हणजे रोज 50-60 मिलिग्रॅम ग्लूटेन एकट्या मेतकुटातून. वर गिरणी आणि हिंग. तुमचा 140 तिथेच बसलाय असं मला वाटतं. घाबरू मात्र नका, 200 वरून खाली येतंय, आणि सगळं काटेकोर पाळूनही मुलांचं टीटीजी नॉर्मलला यायला वर्ष-दोन वर्षं लागू शकतात.

सासूबाईंना एवढं सांगा की आमच्या क्लिनिकात शिकलेले, इंग्रजी लेबलं वाचणारे आईबाबाही भाजणीत हमखास चुकतात. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो, मालवणी वड्यांच्या पिठात कुणी घालतं, कुरडया तर गव्हाच्या चिकाच्याच. मेतकूट गहू गाळून उत्तम होतं, तांदूळ थोडे वाढवायचे.

आणखी एक. घरात धाकटं भावंड आहे का? सख्ख्या नात्यात हे निघण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते, त्रास नसला तरी आईवडील आणि भावंडांची टीटीजी करून घ्या, सोबत टोटल आयजीए (रक्तातलं एक प्रतिपिंड, टीटीजीची तपासणी त्यावरच चालते), कारण काहींच्या अंगात आयजीएच कमी असतं आणि मग टीटीजी खोटं चांगलं दिसतं. तपासणीआधी त्यांचा गहू बंद करू नका, नाहीतर रक्तात काही दिसणारच नाही. हे फार जण चुकतात, आधी सोडतात आणि मग तपासायला येतात.


खपली_प्रेमी | 11 ऑगस्ट, सकाळी 11:00

पोळीशिवाय राहवत नसेल तर खपली गहू देऊन बघा ना, जुनं वाण, त्यात ग्लूटेन नसतं, आमच्या योगा ग्रुपमधे सगळे तोच खातात. साताऱ्याकडून मागवता येतो.


लोअरपरळ_स्लो | 11 ऑगस्ट, सकाळी 11:04

नाही नाही नाही. खपली हा गहूच आहे, ग्लूटेन आहे त्यात. तुम्हाला पचायला हलका वाटत असेल, मजेत खा, पण सिलिअॅकच्या पोराला देऊ नका आणि प्लीज कुणाला सांगूही नका, माझ्या एका काकूंनी असाच "हलका गहू" म्हणून लाडू पाठवला होता.

उलट बकव्हीट, म्हणजे कुट्टू, याच्या इंग्रजी नावात गहू आहे पण त्याचा गव्हाशी काही संबंध नाही. ओट्समधेही मुळात गहू नसतो पण शेतात-कारखान्यात मिसळतो, त्यामुळे ग्लूटेन-फ्री लिहिलेलेच घ्यायचे, आणि काहींना तेही सोसत नाहीत, डॉक्टरांना विचारूनच.


खपली_प्रेमी | 11 ऑगस्ट, सकाळी 11:20

बरं. माहीत नव्हतं. ग्रुपवर टाकतो.


शाळेची_पिशवी | 11 ऑगस्ट, दुपारी 2:45

माझा मुलगा तिसरीत, दोन वर्षं झाली. घर सांभाळलंत की शाळा येते. वाढदिवसाला केक, मग "एक घास खा, काही होत नाही" म्हणणाऱ्या मावशी. मी वर्गशिक्षिकेकडे चिक्की आणि राजगिरा वडीचा एक डबा देऊन ठेवलाय त्याच्या नावाचा, केक आला की त्याला त्यातलं मिळतं.

क्राफ्टचं पण बघा. मुलं खेळतात तो रंगीत मऊ गोळा गव्हाच्या पिठाचा असू शकतो, आणि मैद्याची खळ! आमच्या सोसायटीत गणपतीच्या मखराला अजून खळ करतात, पातेलंभर. पोरं कागद चिकटवतात आणि तीच बोटं तोंडात. आम्ही यंदा साबुदाण्याची खळ करणार आहोत, चिकटते मस्त.

औषधाच्या गोळ्यांतही कधी स्टार्च असतो, कशाचा ते केमिस्टला किंवा कंपनीला विचारता येतं. टॉनिकवर माल्ट लिहिलंय का बघा.


मुगाचं_वरण | 11 ऑगस्ट, दुपारी 3:10

टॉनिक बघितलं, त्यावर माल्ट नाही, हुश्श. धाकटा आहे, चार वर्षांचा, त्याची आणि आम्हा दोघांची तपासणी शनिवारी.

भांड्यांचं काय करायचं? पोळपाट-लाटणं वेगळं आहे, तवा एकच आहे, घासून घेते.


घरघंटी | 11 ऑगस्ट, दुपारी 3:30

चाळणी! चाळणी वेगळी करा आधी. तिच्या जाळीत अडकलेलं पीठ कितीही धुतलं तरी निघत नाही. लाकडी परात-लाटण्याच्या भेगांचंही तेच. स्टीलचं भांडं नीट घासलं की पुरतं. लोखंडी तवा आम्ही वेगळा घेतला. आणि कणीक मळताना, पोळ्या लाटताना शेजारी तिची भाकरी उघडी नको, पीठ उडतं. आमच्याकडे भाकरी आधी करून झाकून ठेवायची, मग गव्हाचं.


जुनंखोड | 11 ऑगस्ट, संध्याकाळी 6:15

सगळं वाचलं. मेतकुटाचं वाचून जरा वाईट वाटलं, आमची हीपण नातवाला भरवते. सवयीचं बोललो ते मागे घेतो. आमच्या सोसायटीत सत्यनारायण असतो गणपतीत, प्रसादाचा शिरा रव्याचा, एक मुलगी नेहमी हात मागे घेते प्रसादाला आणि आम्ही म्हातारे नावं ठेवायचो. तिलाही असंच काही असेल का?


शाळेची_पिशवी | 11 ऑगस्ट, संध्याकाळी 6:40

काका असू शकेल. विचारा तिच्या आईला. आमच्या बिल्डिंगमधे एक काकू राजगिऱ्याच्या पिठाचा शिरा वेगळ्या वाटीत करून आणतात, तुळशीपत्र ठेवून, पूजेत दोन्ही ठेवतात. पहिल्या वर्षी माझ्या मुलाने तीन वेळा मागून घेतला.


मुगाचं_वरण | 16 ऑगस्ट, रात्री 10:30

अपडेट देते, बऱ्याच जणींनी विचारलं.

हिंग बदलला. चाळणी, तवा, परात नवीन. आईकडे गिरगावला फर्मान गेलंय, बोंबील तांदळाच्या पिठात सगळ्यांचेच, रवा बंद. बाबा म्हणाले कुरकुरीत जास्त लागतात, ते खरं की पोरीसाठी ते माहीत नाही. धाकट्याचा आणि माझा रिपोर्ट चांगला आला. नवऱ्याची टीटीजी वाढलेली निघाली. ह्याला वर्षानुवर्षं अॅसिडिटी म्हणून गोळ्या चालू होत्या. आता त्याची दुर्बीण पुढच्या आठवड्यात, तोवर पोळी खायला सांगितलीय, आणि तो शेवटच्या पोळ्या असल्यासारखा खातोय, काल आठ.

सासूबाईंनी परवा मला न सांगता नवं मेतकूट केलं. गहू नाही, तांदूळ वाढवले. नव्या कढईत भाजलं, मिक्सरचं भांडं आधी तीनदा धुतलं. जुनं मेतकूट बरणीभर होतं, ते खालच्या वॉचमनच्या घरी दिलं. लेकीने पहिला घास खाल्ला आणि म्हणाली, आजी हे वेगळं लागतंय. त्या म्हणाल्या, हो, सुंठ जास्त पडली.

घरघंटी दादा, तुमची मशीन किती आवाज करते? आमच्या खाली एक आजोबा दुपारी झोपतात.


घरघंटी | 16 ऑगस्ट, रात्री 10:44

करते. मिक्सरपेक्षा कमी पण वेळ जास्त लागतो. खाली जाड रबराची मॅट घाला आणि सकाळी दहा-अकराला दळा. आणि पहिल्यांदा अर्धा किलो तांदूळ दळून ते पीठ टाकून द्या, डेमो दाखवायला दुकानात बहुतेक गहूच वापरतात.